सतरा नंबरचा फॉर्म

उर्वशी म्याडमच्या मनात जूनपासून भीतीनं ठाण मांडलं होतं. जिवतीच्या डोंगरातल्या सरकारी हायस्कुलात ती नववी-दहावीला गणित शिकवायची. नोकरी कंत्राटी, घुग्घुसला वडील दम्यानं अंथरुणाला खिळलेले, आणि यंदा दहावीचा निकाल लागला अडतीस टक्के! तालुक्याचे साहेब आले ते थेट वर्गात शिरले आणि पोरांसमोरच कडाडले, "पुढच्या साली साठच्या खाली आला ना, तर या बाईला इथून घालवूनच देतो!" अहो, माणसाला रागवायचं तर हापिसात बोलवावं, दार लावावं. पण नाही. उर्वशीच्या हातातला खडू खाली पडला. पहिल्या बाकावरच्या रीनानं तो मुकाट्यानं उचलून दिला.

हेडमास्तर सोमाजी सरांकडे उपाय तयारच होता.

"घाबरता कायले, म्याडम? कच्च्या पोरांचे दाखले काढून देऊ. सतरा नंबरचा फॉर्म भरतीन, बाहेरून परीक्षेले बसतीन. नापास झाले तरी आपल्या निकालात मोजत नाई. सगळेच करून राह्यले."

चाचणीचे पेपर समोर घेऊन उर्वशीनं यादी केली. अकरा नावं झाली. पुन्हा वाचली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. अकराही पोरं वरच्या टोल्यावरची, डोंगरावरच्या गोंडांच्या वस्तीतली. खालच्या गावातलं एकही नाही! टोल्यावरच्या घरात गोंडी बोलतात. गणित सुटायच्या आधी त्या पोरांना गणितातली मराठीच सोडवावी लागे. हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिनं यादी सरांच्या हातात दिली. भेदरलेलं माणूस काय करेल, नेम नाही.

दाखल्याच्या अर्जांवर सह्या घ्यायच्या दिवशी रडारड होईल, आयाबाया भांडायला उठतील, या धास्तीनं ती सकाळपासून पाणी पीत होती. पण पोरांनी एकामागून एक सह्या केल्या नि निघाली. एरवी वर्ग डोक्यावर घेणारा अंकुशसुद्धा ब्र काढेना. फक्त रीनाची आई बुधरी अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत थांबली.

"म्याडम, पोरगी शाळेत येईन न?"

"येईल की," उर्वशी खिडकीकडे बघत म्हणाली. धडधडीत खोटं.

सप्टेंबरच्या एकोणतीस तारखेला दुपारी सोमाजी सर कंप्युटरपुढे घामाघूम होऊन बसले होते. नववी-दहावी मिळून पट होता एकोणतीस. अकरा गेले, उरले अठरा. पट वीसच्या खाली गेला की दोन्ही वर्ग बंद आणि पोरं बावीस किलोमीटरवरच्या शाळेत. पट भरायची शेवटची तारीख उद्याची. निकाल राखायच्या नादात दोघांनीही एवढी साधी वजाबाकी केली नव्हती, आणि त्यातली एक गणिताची बाई!

"म्याडम, दोघं परत आणा," सर घाईघाईनं म्हणाले. "रीना अन् अंकुश. ते जरा बरे आहेत. बाकीचे नको, निकाल बुडन."

घाटात स्कुटी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा किक मारताना उर्वशीच्या डोक्यात एकच घोळत होतं. बुधरीला कोणत्या तोंडानं भेटायचं? तिनं शिव्या घातल्या तर? आणि नाहीच पाठवलं पोरीला, तर शाळा गेली, नोकरी गेली, सगळंच गेलं.

टोल्यावरच्या समाजमंदिराच्या ओट्यावर अकरा पोरं शाळेच्या गणवेशात बसली होती. रीना कोळशानं भिंतीवर वर्गसमीकरण सोडवत होती, गोंडीत समजावत होती. याच उदाहरणावर उर्वशीनं तीन दिवस घसा कोरडा केला होता आणि पोरं नुसती बघत राहिली होती. इथे अंकुश पुढची पायरी आधीच ओरडून सांगत होता.

म्याडम दिसल्या तशी सगळी उठून उभी राहिली.

"सह्या एवढ्या झटपट काऊन केल्या रे?" तिला राहवलं नाही. "भांडले काऊन नाई?"

रीनानं मान खाली घातली.

"तुमाले घालवून देतो म्हणे न सायब. आमी निकालात नसलो तं तुमी इथीच राहाल, असं आमी सगळ्यांनी ठरवलं. तुमच्या आधी दोन साल गणिताले कोणीच नोहतं."

उर्वशी ओट्यावर मटकन बसली. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. बुधरीनं पाण्याचा गिलास पुढे केला आणि विचारलं, "कोणाले न्याले आल्या, म्याडम?"

दोन नावं जिभेवर होती. तिनं ती गिळली. पिशवीतून कागद काढला आणि दाखले रद्द करून पोरांना परत घ्यावं असा अर्ज लिहायला घेतला. एकेक नाव उतरत गेलं. रीना मागे उभी राहून मोजत होती. नऊ झाली तसा तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्याडम, सगळेच? मंग साठ टक्के नाई होत! तुमाले घालवतीन न!"

"मले बी तेच भेव वाटते, पोरी," उर्वशी म्हणाली. "बस इथी. गोंडीत ते गणित कसं सांगितलं, मले शिकव."

तिनं उरलेली दोन नावंही लिहिली. अकरावं नाव वाकडं आलं, ते तिनं खोडलं नाही.