जमनीचा बैल

मी एक सायकल बोलतेय. महागावच्या पुढे टेकड्यांच्या पायथ्याशी एक तांडा आहे, तिथल्या कडुलिंबाला टेकून मी उभी आहे. चेन गंजली आहे, मागच्या चाकात हवा नाही, आणि सीटवर एक कोंबडी हक्काने येऊन बसते. मी तिला हटकत नाही. या वयात सोबत मिळतेय, हे काय कमी आहे?

आता घरातले मला भंगार म्हणतात. एके काळी मला बैल म्हणत. तीच हकीकत सांगायची आहे.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यातला. तिथून रेल्वेने, मग ट्रकने मी उमरखेडच्या एका दुकानात आले आणि छताला टांगलेल्या अवस्थेत गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले. माणसं सायकल घ्यायला आली की आधी घंटी वाजवून बघतात, मग ब्रेक दाबतात. अमरसिंग राठोड आला तेव्हा त्याने यातलं काहीच केलं नाही. मला खाली उतरवून घेतलं आणि माझं कॅरिअर दोन्ही हातांनी जोर लावून दाबलं.

"बाई उभी राह्यली तं हे टिकन का?" त्याने विचारलं.

दुकानदार हसला. "बसली म्हना ना, भाऊ. उभी कायले राहीन?"

"उभीच राहीन," अमरसिंग म्हणाला. शेवटी दुकानदाराने कॅरिअरखाली एक जाड पट्टी वेल्डिंग करून दिली. त्या पट्टीने माझं रूप गेलं म्हणून मी कितीतरी दिवस रुसून होते.

घरी आल्यावर त्या पट्टीचं कारण कळलं. अमरसिंगची बायको जमनी. ती ज्या तांड्यात जन्मली तो धरणाच्या पाण्याखाली गेला होता. ती तेव्हा परकरी पोर होती. तिच्या घरच्यांना वरच्या माळावर जागा मिळाली, पत्र्याचं घर झालं, तिथेच तिचं लग्न लागलं.

या तांड्यांतल्या लोकांत पोरगी सासरी निघाली की दारात बैल उभा करतात आणि नवरी त्याच्या पाठीवर उभी राहते. तोंड माहेराकडे करते, हात वर करते आणि बापाच्या तांड्याचं भलं होऊ दे म्हणून रडत गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. हवेली झाली की पोरगी उतरते आणि मागे वळून पाहत नाही. तिथून ती परक्या घरची.

जमनीसाठीही बैल सजवून आणला होता. ती चढली, हात वर केले, पण आवाजच फुटला नाही. बाया म्हणाल्या, म्हण बाई, उशीर होऊन राह्यला. ती म्हणाली, "घर तं पान्यात हाय. तोंड कोनाकडं करू?" आणि तशीच खाली उतरली. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. हवेली राहिलेली पोर ना माहेरची ना सासरची, असं काहीबाही बोलणं झालं.

तेव्हा अमरसिंगने तिला शब्द दिला होता. उन्हाळ्यात पाणी उतरून तुझ्या घराचा उंबरठा उघडा पडला की तुला तिथे नेईन, तिथे हवेली म्हण. एवढ्या दूर टेकड्या ओलांडून न्यायला त्याच्याकडे धड बैल नव्हता. म्हणून मी.

त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. तो स्वतः कापूस-सोयाबीन पिकवणारा, पण लादण्याची रीत त्याच्या हातात होती. माझ्या डाव्या बाजूला भाकरीची पिशवी बांधली की उजव्या बाजूला पाण्याची कॅन बांधायची. भार दोन्हीकडे सारखा, नाहीतर जनावराची पाठ लागते, म्हणे. हँडलला त्याने कवड्यांची माळ आणि चार घुंगरं बांधली. चढ आला की सीटवर थाप मारून "चाल राजा" म्हणायचा. मला आधी हसू यायचं. नंतर ती थाप पडल्याशिवाय मला चढ चढवेना.

दर वैशाखात आम्ही निघायचो. पहाटे तांडा सोडायचा, ऊन तापायच्या आत पहिल्या घाटाला लागायचं. जमनी कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायची, चढावर उतरून चालायची. पानगळीने साग उघडे पडलेले, मोहाखाली वास दाटलेला. टेंभुरं पिकलेली असायची, ती ओटीत भरून घ्यायची आणि चालता चालता एकेक अमरसिंगच्या तोंडात टाकायची. वाटेत दोन लहान तलाव लागायचे. एकात बगळे, दुसऱ्यात म्हशी. दुपारी तिथल्या करंजाखाली दोघं पडायची आणि मी पाण्यात माझं प्रतिबिंब बघत बसायची. वाटेत कोणी विचारलं, कुठे निघालात एवढ्या उन्हाचे, तर जमनी ऐटीत सांगायची, "माहेरी." आणि तिसरा, सगळ्यात मोठा घाट उतरला की ते धरण. टेकड्यांच्या मधोमध पसरलेलं निळंशार पाणी. इतकं सुंदर, की पाहून राग यावा.

पाणी कधी पुरतं उतरायचंच नाही. एखाद्या वर्षी देवीच्या ओट्याचा माथा दिसायचा, एखाद्या वर्षी चिंचेचं खोड. जमनी काठावर बसून पाहायची.

"उंबरठा नाई दिसत," ती म्हणायची.

"पुढच्या साली," अमरसिंग म्हणायचा.

अशी त्यांची उमर गेली. त्यांचा मुलगा बादल मोठा झाला, त्याने मोटरसायकल घेतली, शीला सून म्हणून आली. मोटरसायकल नुसती गुरगुरते, तिला घाटातल्या टेंभुरणीची ओळख नाही. हे मी मत्सराने बोलते, माहीत आहे.

मग एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि पुढच्या वैशाखात धरण तळाला गेलं. भेगाळलेल्या गाळावरून अमरसिंगने मला ढकलत नेलं. जमनी पुढे धावत होती, या वयात. तिला सगळं ओळखू येत होतं. उखळ, चुलीचा दगड, आणि गाळात अर्धा रुतलेला उंबरठा.

अमरसिंगने मला स्टँडवर उभं केलं. तोंड उंबरठ्याकडे. हँडल घट्ट धरून म्हणाला, "चढ."

ती माझ्या कॅरिअरवर उभी राहिली. त्या जाड पट्टीचा मला तेव्हा अभिमान वाटला. तिने हात वर केले. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती मुकाट्याने उतरली, पळसाची फांदी घेऊन उंबरठा झाडला, त्यावर बसली आणि भाकरी सोडली.

अमरसिंग चिडला. "काहून नाई म्हनली? येवढी वर्सं कायले आनलं मंग तुले?"

तिने कांदा फोडून त्याच्यापुढे ठेवला. म्हणाली, "म्हनली की सुटलं सारं. मंग वापस कोन्या तोंडानं येऊ? मले पुढच्या सालीबी यायचं हाय ना."

तो तिच्या शेजारी उंबरठ्यावर बसून जेवला. मला वाटतं, त्या दोघांचा तो सगळ्यात सुखाचा दिवस होता.

त्या हिवाळ्यात जमनी छातीच्या दुखण्याने खाटेला खिळली. यवतमाळला न्यायला गाडी दारात आली, तेव्हा तिने जाता जाता माझ्या घंटीवर हात ठेवला. "यंदा पानी उतरन का जी?" तिने विचारलं.

"उतरन," अमरसिंग म्हणाला.

ती परत आली ती कापडात गुंडाळून. बायांचं रडणं ऐकूनच मला कळलं. मला रडता येत नाही, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

वैशाख आला. बादल म्हणाला, "बा, मी नेतो ना मोटरसायकलनं." अमरसिंगने ऐकलं नाही. भाकरी डावीकडे, पाणी उजवीकडे. कॅरिअर रिकामं. पहिल्याच चढाला मी भेलकांडले. मागचा भार गेला होता, मला तोलच सापडेना. त्याने खाली उतरून सीटवर थाप मारली आणि तो हँडल धरून चालू लागला. आम्ही दोघं पायी धरणावर पोचलो.

आदल्या साली पाऊस धो धो झाल्यामुळे पाणी अजून तुडुंब होतं. काठावर जमनीची भावजय मानीबाई वाट पाहत होती.

"जवाईबापू, तिची हवेली राहून गेली," ती म्हणाली. "जीव अडकला असन तिचा. तिच्या जागी मी म्हनते. मोकळी करते तिले."

अमरसिंगने मान डोलावली. मला स्टँडवर लावलं, तोंड पाण्याकडे केलं, हँडल धरलं. मानीबाईने कॅरिअरवर हात टेकला. आणि तेवढ्यात त्याने पायाने माझा स्टँड वर उचलला.

"नको," तो म्हणाला. "हवेली नाई झाली, म्हनून ती अजून इथलीच हाय. झाली तं मी येऊ कोनाकडं?"

मानीबाई पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली.

त्यानंतरही काही वैशाख आम्ही गेलो. आता त्याचे गुडघे गेलेत, माझी चाकं गेलीत. अंगण झाडताना शीला मला स्टँडवर लावते, नीट दिसते म्हणून. अमरसिंग काठी टेकत येतो, स्टँड काढतो आणि मला परत लिंबाला टेकवतो. का, हे तिला माहीत नाही. तो सांगत नाही.

भंगारवाला दोनदा येऊन गेला. पुढेमागे तो मला नेईलही, त्याची तक्रार नाही. पण माझ्या कॅरिअरखाली ती जाड पट्टी ज्याला कोणाला दिसेल, त्याच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. मला भिंतीला टेकवा, झाडाला टेकवा, जमिनीवर आडवी टाका. स्टँडवर मात्र लावू नका. बैल उभा राहिला, की पोरीला निघावं लागतं.