पत्र्याच्या डब्यात अडकलेला करंट

मित्रांनो, मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. पण आता पोटात बिस्किटं कुठली! बोरी बुद्रुकच्या वैजयंतीनं हौसेनं माझ्यात बिबट्याला पळवणारा भोंगा आणि एक दिवा बसवला आणि मला गोठ्याच्या खांबावर ठोकलं. कान किटतील असा मी ओरडायचो. "सुनेनं लई भारी काम केलं, राव!" असं लोक म्हणायचे आणि मी फुशारून जायचो.

मला वीज दोन वाटांनी यायची. भोंग्याची वायर तीन पिनांची, दिव्याची नुसती दोन तारांची. माझ्या पत्र्याला अर्थिंग होतं ते फक्त त्या तिसऱ्या पिनेतून. सारखी लाइट जायला लागली, तशी वैजयंतीनं भोंग्याची पिन काढून घरच्या इन्व्हर्टरच्या बोर्डात लावली. दिवा राहिला जुन्याच लाइटीवर. इन्व्हर्टरच्या बोर्डाचं तिसरं भोक मात्र नुसतं शोभेचं, मागं तारच नाही. कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं!

दिव्याची वायर माझ्या भोकाच्या धारेवर रोज घासायची. दसऱ्याच्या सकाळी तिची साल फाटली आणि करंट माझ्या अंगभर पसरला. त्याला जमिनीत जायला वाटच नव्हती. खिळ्यांनी जखडलेला मी, आणि समोरून वैजयंतीची सासू कोंडाबाई ओलं फडकं घेऊन अनवाणी येत होती. दसऱ्याला यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू लावायची रीतच ना! "येऊ नको गं आई!" मी आतल्या आत आक्रोश केला. पोटात भोंगा असून मेलं तोंड उघडेना.

तिचा हात चिकटला. वैजयंतीनं तिला न धरता धावत जाऊन मेन स्विच पाडला, तशी म्हातारी शेणात कोसळली. बोटं भाजली, पण जीव वाचला.

जुन्नरहून वायरमन सत्तारभाई आले. "वैजूताई, वीज कुठूनबी आणा," ते म्हणाले, "पण अर्थिंगची तार डब्यालाच नटानं आवळा. पिन कुठंबी गेली तरी ती हलाया नाय पायजे." त्यांनी मला घराच्या अर्थिंगला पक्कं जोडलं, भोकाला रबर बसवलं आणि करंट गळताच लाइट तोडणारा स्विचही लावला.

आता कोंडाबाई गोठ्यात शिरताना दारातच थांबते.

"वैजे, तार हाये ना गं जोडलेली?"

"हाये, आत्या."

मग ती आत येते. मला फार वाईट वाटतं हो. मित्रांनो, माझ्यासारख्या डब्याला "हात लावू नको" म्हणता येत नाही. म्हणून हात लावायच्या आधी कोंडाबाईचा प्रश्न तुम्हीच विचारत जा.