कुत्रेवाल्यांच्या खोलीत

लेकीला, इंगुनला ओकताना पाहून तुरिडला आधी वाईट वाटलं नाही, आनंद झाला. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गोष्टीची.

जुलै महिना होता. मायलेकी पाठीवर पिशव्या लावून रोंदानेच्या डोंगरातून एका मुक्कामघराकडून दुसऱ्याकडे चालल्या होत्या. सोबत गुब्बे, तुरिडचा दांडगा, झुबकेदार शेपटीचा कुत्रा. आपलं दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर तुरिडच्या नवऱ्याने, ओद्वारने, त्याला पिल्लू असताना आणलं होतं. "माझ्यामागे घरात कुणाची तरी चाहूल हवी," म्हणाला होता. ओद्वार गेला आणि ओट्टा गावातल्या त्या घरात तुरिड आणि गुब्बे, दोघंच उरले.

लेक दूर बर्गन शहरात, जोडीदार एस्पेनबरोबर राहायची. वडिलांना पुरल्यानंतर इंगुन माहेरी एक रात्रही राहिली नव्हती. यायची, थंडी असली तरी अंगणातच बसून कॉफी घ्यायची आणि झोपायला गावातल्या मैत्रिणीकडे जायची. तुरिडने ते मनाला लावून घेतलं होतं. दुकानात कुणी विचारलं की म्हणायची, "येते ना, पाहुण्यासारखी. उंबऱ्यावरूनच परत."

म्हणून या उन्हाळ्यात इंगुननेच फोन करून "चल, आपण दोघी डोंगरात जाऊ" म्हटलं, तेव्हा तुरिड हरखून गेली.

"गुब्बेला आणू ना गं?"

पलीकडे इंगुनने आधी घसा खाकरला. मग इंगुन म्हणाली, "आण की."

मुक्कामघरांमध्ये कुत्रा घेऊन येणाऱ्यांची खोली वेगळी असते. छोटीशी, खाली-वर दोन खाटा, आणि कितीही झाडली तरी फळ्यांच्या फटींत वर्षानुवर्षांचे केस. तिथेच तिघं झोपायची. पहिल्याच सकाळी इंगुन तोंडावर हात धरून बाहेर पळाली. परत आली तेव्हा डोळे लाल, चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"काही नाही. पाणी बदललं ना."

दुसऱ्या मुक्कामी तेच. तिसऱ्याही. लापशीचा वास आला तरी इंगुन तोंड फिरवायची, नुसता कोरडा पाव कुरतडत बसायची. आणि दुपारी उघड्या माळावर वारा लागला की ठणठणीत! दगडांवरून बकरीसारखी पुढे. तुरिड मागून पाहत राहायची. फक्त सकाळीच मळमळतं. दुसरं काय असणार? शिंका, लाल डोळे तिनेही पाहिले होते, पण गवत फुलण्याचे दिवस, अर्धा देश शिंकतो, असं म्हणून सोडून दिलं होतं.

विचारायची मात्र तिला भीती वाटत होती. दोन वर्षांपूर्वी एकदा "तुमचं मुलाबाळाचं काही ठरतंय का?" म्हणून विचारलं, तर इंगुनने फोनच ठेवला होता. म्हणून ती गप्प राहिली. लेकीच्या पिशवीतली छोट्या चुलीच्या गॅसची बाटली आणि चीजचा गोळा तिने हळूच आपल्या पिशवीत घातला. ओझं वाढलं, पण पाय हलके झाले.

खिंडीच्या वर फोन लागला तेव्हा तिला राहवलं नाही. इंगुन ओढ्यावर पाणी भरत होती. तुरिडने बहिणीला फोन लावला.

"वेंके, कुणाला सांगू नकोस हं."

"म्हणजे सांगण्यासारखं आहे तर!"

"इंगुनला उलट्या होतायत. रोज सकाळी."

"अगं बाई! तिने सांगितलं?"

"स्वतःहून सांगेल तर ती इंगुन कसली? बापावर गेलीय."

दुसऱ्या दिवशी कड्याखालच्या सपाटीवर दोघी डबा खायला बसल्या होत्या. इंगुनचा फोन वाजला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि आईपुढे धरला.

"वेंकेमावशी मोजे विणतेय. एवढ्याएवढ्याशा पायांचे. तू काय सांगितलंस तिला?"

तुरिडने हातातला घास डब्यात परत ठेवला. "मी... तू रोज सकाळी... मला वाटलं..."

इंगुन आधी हसली. मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"मला मूल नाही होणार, आई. मला गुब्बे झालाय."

"म्हणजे?"

"कुत्र्याची अ‍ॅलर्जी. रात्रभर नाक घशात गळतं, सकाळी ते सगळं पोटात. त्यात उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्या. मग उलटी होणार नाही तर काय?"

"कधीपासून आहे हे?"

"बाबांनी त्याला आणलं तेव्हापासून. त्याआधी आपल्याकडे कुत्रा होता कुठे?"

गुब्बे दोघींच्या मध्ये पसरला होता. आपलं नाव ऐकून त्याने शेपूट आपटली. तुरिडने त्याचा पट्टा धरून त्याला पलीकडे ओढलं. तेवढंच तिला सुचलं.

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? बाबांनी तुला ठेवून दिलेला कुत्रा घालव म्हणून? तू लगेच घालवला असतास. मग त्या घरात एकटी बसली असतीस. माझ्यामुळे."

तुरिडला दुकानातली ती वाक्यं आठवली. एकेक. किती चवीने बोलली होती ती.

"मी लोकांत तुला नावं ठेवली, इंगुन."

"माहितीय. मैत्रिणीची आई सगळं सांगते."

"आणि तरी तू बोलली नाहीस?"

"त्यात खोटं काय होतं? येत नव्हतेच ना मी. चार नाताळ तू एकटीने काढलेस. वाटलं, या वेळी गोळ्या घेऊन निभावेन. निदान एक आठवडा." तिने नाक पुसलं. "आणि आणखी एक. मूल नकोय आम्हाला. मला नि एस्पेनलाही. तेसुद्धा सांगायला हवं होतं."

"ते आज नको," तुरिड म्हणाली. "आज एवढंच पुरे."

उतारावर ती पुढे चालली, गुब्बेला दोरीने जवळ धरून, वारा लेकीकडून आपल्याकडे येईल अशा बेताने. इंगुन बरीच मागे होती. लेकीला उलट्या होत होत्या आणि आपण मनात बारशाची तयारी करत होतो, हे तिला सोसवत नव्हतं.

पुढच्या मुक्कामघरात तिने इंगुनसाठी दुसऱ्या टोकाची खाट मागितली आणि स्वतः कुत्र्यासोबत राहिली. सकाळी इंगुनने लापशीचे दोन वाडगे संपवले. वर तपकिरी चीजचा जाड तुकडा. तुरिडला मात्र घास उतरेना. एक भिंत मध्ये घातली की पोरगी जेवते, आणि हे कळायला आपल्याला इतकी वर्षं लागली.

"तू का खात नाहीस?" इंगुनने विचारलं. "तुलाच तर दिवस गेले नाहीत ना?"

तुरिडने तिच्या हातावर चापट मारली.

गुब्बेला कुणाला तरी देऊन टाकते, असं ती परतीच्या वाटेवर म्हणाली. इंगुन चिडली. "दिलास तर मी खरंच यायची बंद होईन." मग असं ठरलं की आईनेच बर्गनला यायचं.

नाताळला तुरिड गेली. गुब्बेला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. निघताना तो खिडकीशी उभा राहून बघत होता, आणि ते तिच्या डोळ्यांपुढून हलेना. जेवणं झाल्यावर ती न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि हळू आवाजात शेजारणीला फोन केला. आता त्या मुक्या जनावराबद्दल अपराधी वाटत होतं.

दारावर टकटक झाली.

"आई, लपून काय बोलतेस? मोठ्याने विचार," बाहेरून इंगुन म्हणाली. "आणि तो जेवला का, तेही विचार."