आरशासमोरची खुर्ची

मित्रांनो, लहानपणी केस कापायला गेलात की जिच्या हातांवर आडवी फळी टाकून तुम्हाला बसवायचे, ती मी. कोपरगावातल्या एका सलूनमधली जुनी लोखंडी खुर्ची. हल्ली बसलं की कुरकुरते आणि स्वभावानेही कडवट झाले आहे, सांभाळून घ्या.

मला अमृतअण्णांनी आणलं. माझ्यावर नवरदेव बसले, दहावीला नापास झालेली पोरं बसली, आणि आरशात बघून सगळे जरा बरे होऊन उठले. अण्णांचे गुडघे गेले, तसा त्यांचा मुलगा कानिफनाथ दुकान बघू लागला. त्याचा हात अण्णांपेक्षाही हलका होता. गिऱ्हाइकं त्याचं कौतुक करायची आणि फुशारून मी जायचे.

घोळ सुरू झाला तो सोमवारी. सोमवारी सलूनला सुट्टी, पण शेअर बाजार उघडा. रिकामा कानिफ शटर अर्धं ओढून माझ्यावर बसे आणि मोबाईलवर सकाळी घेतलेलं दुपारी विके. सुरुवातीला फायदा झाला. मग त्याला सोमवार पुरेना. गिऱ्हाइकाच्या गालावर फेस वाळायचा आणि हा कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभा. पैसे गेले की भरून काढायला खेळायचा, आले की वाढवायला.

एका रविवारी राधाकृष्णकाका दाढीला बसले. एसटीतले निवृत्त कंडक्टर. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा त्यांनी कानिफचं मनगट धरलं.

"आज तर बाजार बंद हाय. मंग हात कशानं थरथरतोय?"

"काका, त्यो काय जुगार न्हाई. अभ्यास लागतो त्याला."

"पत्ते खेळताना मीबी हेच म्हनायचो. मला डावावरून उठता येत न्हवतं. तुला येतं का, तेवढं बघ."

कानिफ हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पुढे त्याची बहीण रेश्मा हिच्या मुलीचं जावळ ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. म्हणून कानिफ माझ्यावर बसला, चिमुकली सृष्टी त्याच्या मांडीवर, आणि हौसेने वस्तरा घेऊन उभे राहिले ते अण्णा. अर्धं डोकं झालं आणि कानिफचा मोबाईल थरथरला. त्याने पोरीला धरलेला हात काढून खिशात घातला. ती कलंडली आणि वस्तरा लागला.

"दादा, रगत येतंय तिला," रेश्मा म्हणाली.

"एक मिन्टं. एवढं विकू दे."

रेश्माने लेक उचलली आणि अर्ध्या जावळानिशी निघून गेली. अण्णांनी वस्तरा पुसून पेटीत ठेवला, तो पुन्हा काढला नाही. सृष्टीची जखम बारीक होती, लवकर भरली. रेश्मा मात्र त्यानंतर माहेरी आली नाही.

आता गिऱ्हाइकं दुसऱ्या सलूनमध्ये जातात. माझ्यावर दिवसभर एकटा कानिफच असतो. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला बाजार बंद असलेला दिवस जड जात असेल, कुणी 'एवढं एकच' म्हणत उठत नसेल, तर त्याच्या हसण्यावर जाऊ नका. काकांसारखं मनगट धरा, आणि ते झटकलं तरी पुन्हा धरा. माझ्यावर बसणाऱ्याने स्वतःकडे बघावं म्हणूनच मला आरशासमोर ठेवलं आहे. कानिफसमोरही तोच आरसा आहे. तो मान वर करत नाही.