उल्काचा उजवा पाय

सासरे एसटीचे ड्रायव्हर असताना सुनेनं गाडी चालवण्याची फुशारकी मारू नये. उल्कानं मारली होती. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनहून फोनवर ती सहज बोलून गेली, "हो बाबा, चालवते ना मी!" आणि बाळासाहेबांनी अख्ख्या कऱ्हाडभर सांगितलं, की आमची सून परदेशात रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी हाकते.

लायसन होतं, ते खोटं नव्हतं. पुण्यात ते मिळालं तेव्हा खरा ब्रेक शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाखाली होता. इथे नवऱ्याच्या, श्रीहर्षच्या, नोकरीच्या सवलतीत ते परीक्षेशिवाय बदलून मिळालं. मग नऊ वर्षं ते पर्समध्ये सुखानं पडून राहिलं. श्रीहर्षनं विचारलं की ती म्हणायची, पार्किंग महाग आहे, ट्रामच बरी.

बाळासाहेब कऱ्हाडहून आल्यावर चौथ्या दिवशी तिघं ऱ्हाइनकाठी फिरायला निघाले. एका हाताला नदी, पलीकडे झाडीनं भरलेले उंच कडे. दुसऱ्या हाताला, पूर अडवणाऱ्या उंच बांधाखाली, चेरीच्या बागा आणि मका. बांधावरचा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता. मागे बसलेले बाळासाहेब "काय जमीन आहे!" म्हणतायत, तोच श्रीहर्षनं गाडी थांबवली.

"मायग्रेन. डावीकडचं अर्धं दिसतच नाहीये. उल्का, प्लीज तू घे. फेरीबोटीच्या धक्क्यावर पार्किंग आहे, तीनच किलोमीटर."

मागे एक ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. बाजूला घ्यायला तसूभर जागा नव्हती. श्रीहर्ष डोळ्यांवर हात घेऊन मागे आडवा झाला, बाळासाहेब पुढे आले. उल्का स्टेअरिंगवर बसली. गाडी ऑटोमॅटिक होती, तेवढीच देवाची कृपा. ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

"बाबा," ती पुटपुटली, "मला येत नाही."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"गाडी चालवणारा माणूस शेजारी बसला तरी त्याचा पाय ब्रेक शोधतो. चार दिवस मागून बघतोय. समोर सायकल येवो नाहीतर बस, तुझा पाय आपला निवांत."

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. "मग तुम्हीच चालवा ना."

"माझं लायसन कधीच संपलं. तू ड्रायव्हर, मी कंडक्टर. एक टक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाकी डोक्यात काही आणू नको, पोरी."

त्यांनी डॅशबोर्डवर टक टक केलं.

गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. उल्काचे तळहात घामानं निसटत होते. नदीकडे बघितलं तर नदीत जाऊ, बागेकडे बघितलं तर बागेत, म्हणून ती नुसत्या डांबराकडे बघत राहिली. वळणावर सायकलींचा घोळका आला. टक! तिनं ब्रेक असा दाबला की श्रीहर्ष सीटवरून खाली आला. सायकली गेल्या. टक टक. असं सात वेळा झालं. धक्क्यावर दोन गाड्यांच्या जागेत गाडी तिरकी लावून ती ढसाढसा रडली. "गावात आता सगळं सांगाल."

"सांगणार तर. सुनेनं आणलं म्हणून," बाळासाहेब म्हणाले आणि चेरी आणायला गेले.

तासाभरानं श्रीहर्षची नजर निवळली. त्यानं स्टेअरिंग घेतलं, उल्का शेजारी बसली. धक्क्यावरून बांधावर चढताना एक सायकल अचानक आडवी आली.

मागून टक व्हायच्या आधीच उल्काचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर गच्च दाबला गेला होता.