चांगूचा प्रश्न

ट्रकला नजर लागू नये म्हणून आमच्या घरात पुढे लिंबू-मिरची बांधतात, आणि ट्रकवाल्याला झोप लागू नये म्हणून चहा पाजतात. त्या दुपारी मी अंगणवाडी उरकून आले तेव्हा सासूबाई पुन्हा चहा ठेवत होत्या. आमचे हे, म्हणजे श्रीपत, ओटीवर जेवायला बसले होते. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवायचा, तर तो पाण्याच्या पेल्यात बुडवून खात होते, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

एरवी मी हसले असते. टोमणा मारायची संधी मी सहसा सोडत नाही. पण अंगणात शिरताना मी ट्रकची डावी बाजू पाहून आले होते.

आमचं घर पोलादपूरच्या पुढे, महाबळेश्वरच्या रस्त्याला लागून. अंगणात ट्रक उभा होता. केबिनच्या दारापासून मागच्या फाळक्यापर्यंत निळा रंग खरवडून निघाला होता आणि त्या ओरखड्यात पिवळा-काळा रंग बसला होता. फाळक्याच्या कडीत करवंदीची फांदी अडकली होती. मी बोट लावलं तर बोटाला पिवळी भुकटी आली. हा रंग आंबेनळी घाटातल्या कठड्याचा. कठड्याच्या अलीकडे रस्ता, पलीकडे दरी, मध्ये दुसरं काही नाही.

"गाडी कशी हाय?" मी विचारलं.

"मस्त. ओरखडा पण नाय आला तिला," हे म्हणाले. "शेठ फोनवर फोन करतोय. आता महाडला जातो, चिरे भरतो नि परत वर."

हे खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. खोटं बोलताना ह्यांची नजर खाली जाते, ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय. आत्ता हे माझ्याकडे सरळ बघत होते. गाडी कठड्याला घासली होती आणि चालवणाऱ्याला ते माहीतच नव्हतं.

आधी हे महाडच्या एमआयडीसीत एका कंपनीचा ट्रक चालवायचे. ट्रक कंपनीचा, डिझेल कंपनीचं, शिव्या साहेबांच्या. पण एक होतं. खेप संपली की चावी गेटवर चांगूकडे द्यायची. चांगू म्हणजे तिथला वॉचमन, मिशा पांढऱ्या झालेला, कुणाच्या बापाला न भिणारा. विश्रांतीचे तास भरल्याशिवाय तो चावी परत द्यायचा नाही. शिवाय चावी घेताना ड्रायव्हरला समोर बसवून एकच प्रश्न विचारायचा, "येताना वाटेत काय बघितलंस?" नाते गावाच्या फाट्यावर म्हशी आडव्या आल्या, वीर स्टेशनच्या बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती, असलं काहीतरी सांगावं लागायचं. ज्याला काहीच आठवायचं नाही त्याला चांगू म्हणायचा, "डोळं उघडं ठेवून झोपलेलास तू." मग त्याची चावी दुसऱ्या दिवसापर्यंत खिळ्यावरून हलत नसे.

सुट्टीला घरी आले की हे चांगूची नक्कल करायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. जेलर म्हणायचे त्याला. त्या सुट्टीत हे शेताचा बांध नीट करायचे, मॅच बघायचे, दुपारी ओटीवर आडवे झाले की दिवेलागणीपर्यंत घोरायचे. मला त्या घोरण्याचा वैताग यायचा.

मग स्वतःचा ट्रक घेतला. घेतला त्याच दिवशी पेढे घेऊन कंपनीच्या गेटवर गेले, चांगूच्या डोळ्यांसमोर चावी नाचवली नि म्हणाले, "आता मला अडवणारा कोण नाय." आणि खरंच कोणी उरलं नाही. कंपनीचा साहेब निदान सुट्टी तरी द्यायचा. हा नवा मालक, म्हणजे हे स्वतःच, ड्रायव्हरला घरात टेकू देईना. दसरा गाडीत गेला, गावची जत्रा गाडीत गेली. त्या आठवड्यात तर हे फक्त अंघोळीपुरते घरी आले होते.

चावी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला असते. हे हात धुवायला मागच्या दारी गेले, तशी मी ती काढून कमरेला खोचली.

"चावी कुठं गेली?" हे टॉवेल टाकत म्हणाले.

"माझ्याकडं हाय."

"दे इकडं."

"देते. आधी सांगा, येताना वाटेत काय बघितलंत?"

प्रश्न कुणाचा ते ह्यांनी लगेच ओळखलं. चेहरा लाल झाला. "चांगू झालीस काय गो तू?"

"घाट उतरताना काय बघितलंत ते सांगा."

"रस्ता बघितला! झाडं बघितली, माकडं बघितली. घाटात आणखी काय असतंय?"

"ती तर रोजचीच. आजची माकडं सांगा."

तेवढ्यात फोन वाजला. महाडचे मुकुलशेठ, ज्यांचे जांभ्याचे चिरे वर हॉटेलच्या बांधकामाला जात होते, ते. ह्यांनी फोन उचलला, "निघालोच शेठ, गाडीतच बसतोय," म्हणाले आणि माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"दे गो चावी," सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या. "तो काय उंडारायला चाललाय? पोटासाठीच जातोय ना?"

बनुबाई, माझ्या सासूबाई, वाईट नाहीत. पण मुलगा मालक झाला ह्याचं त्यांना एवढं अप्रूप, की त्या मालकाचे डोळे कसे तांबडे झालेत ते त्यांनी बघितलंच नव्हतं.

"उज्वला, शेवटचं सांगतो," हे म्हणाले. "आज नाय गेलो तर शेठ दुसरी गाडी लावील. गाडी काय दारात शोभेला ठेवायची?"

"ठेवा. पूजा करीन मी तिची रोज."

ह्यांनी माझं मनगट धरलं. आजवर ह्या माणसाने माझ्यावर हात टाकला नव्हता. असं आवळलं की दोन बांगड्या फुटल्या आणि एक काच आत रुतली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण भीतीपेक्षा संताप जास्त होता.

"मारायचं तर मारा," मी म्हटलं, "पण आधी बाहेर चला."

धरलं होतं ह्यांनी, ओढत नेलं मी. ट्रकला वळसा घालून डाव्या बाजूला उभं केलं.

"आयला," हे ओरडले. "कुणी घासली? इथं कोण गाडी घेऊन आलेला?"

"कोण नाय आलेला. रंग बघा."

ह्यांनी ओरखड्यावरून बोट फिरवलं. बोटावरची पिवळी भुकटी बघितली. मग कडीत अडकलेली फांदी ओढून काढली. तिची पानं अजून हिरवी होती.

"प्रतापगडाच्या फाट्यावर चहा घेतला," हे हळूहळू बोलायला लागले. माझ्याशी नव्हे, गाडीशी बोलत असावेत तसे. "तिथं भाजीचा टेम्पो उभा होता. चहावाल्यानं सुट्टं नाय म्हणून बिस्कीट दिलं. मग निघालो. पहिलं वळण घेतलं. मग..." हातातली फांदी उलटीसुलटी करत राहिले. "मग आपलं आंगण."

"नि मधला घाट?"

ह्यांनी मान हलवली. "मधला घाट नाय आठवत गो."

माझं मनगट त्यांच्या हातात होतं ते तेव्हा सुटलं. सासूबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी एकदा ट्रककडे बघितलं, एकदा मुलाकडे, आणि कप तसाच आत नेला.

फोन परत वाजला. हे नुसतेच स्क्रीनकडे बघत राहिले, म्हणून मी ओढून घेतला.

"श्रीपतला द्या जरा," मुकुलशेठ म्हणाले. "माणसं खोळंबली आहेत."

"ड्रायव्हर सुट्टीवर आहे आज."

"वहिनी, थट्टा नको. ड्रायव्हर कुठला? तो स्वतः मालक आहे ना?"

"मालकीण बोलतेय. आज गाडी येणार नाही."

"ठीक आहे. मग उद्यापासून पण नको," शेठ म्हणाले आणि फोन ठेवला.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. आता हे काय करतील ह्या भीतीने मी कमरेची चावी घट्ट धरून ठेवली. पण हे ओटीवर गेले, बसले आणि बसल्या जागी कलंडले. उष्टं ताट शेजारी तसंच होतं. झोपेत ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा जमिनीवर दाबला जात होता, परत परत. मी उशाशी बसून हाताची काच काढायला गेले आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं. आवाज न करता रडले, ह्यांची झोप मोडेल म्हणून.

शेठचं काम गेलं ते गेलंच. गाडी काही दिवस दारात उभी राहिली. ह्या घरात तेवढे दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही, पण घोरणं ऐकू यायचं. मग बिरवाडीच्या एका माणसाचं लोखंड महाबळेश्वरला न्यायचं काम मिळालं. सकाळी हे देव्हाऱ्याकडे न जाता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी चावी दिली. दिवसभर अंगणवाडीत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रस्त्यावर ट्रक वाजला की मी पोरांना सोडून खिडकीशी जायचे.

हे आले तेव्हा मी उंबऱ्यातच होते. तो प्रश्न मी विचारणार नव्हते. कशाला परत वाद?

"विचार," हे म्हणाले.

"काय विचारू?"

"चांगूचं."

"येताना वाटेत काय बघितलंत?"

"चढावर एसटी बंद पडलेली, लोकं खाली उतरून फोटो काढत होती. फाट्यावरचा चहावाला आजारी हाय, त्याचा भाऊ बसलाय. उतरताना गाडी हळू घेतली, कठडा बघत आलो." ह्यांनी मागे वळून ट्रककडे बघितलं. "एका वळणावर कठड्याला आपला निळा रंग दिसला. गाडी लावली नि उतरून बघितलं. रंग लांबपर्यंत गेलाय गो. आपला रंग जिथं संपतो ना, तिथं कठडापण संपतो. पुढं काय नाय."

मी दाराची चौकट धरली.

ह्यांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली, गेटवर ठेवायचे तशी. "जेवतो नि झोपतो. तास भरल्याबिगर देऊ नको. मी मालक म्हणून ओरडलो तरी."

मी चावी कमरेला खोचली आणि ह्यांचं पान वाढायला आत गेले.