दार बंद होण्याआधीच्या चार फेऱ्या

शुक्रवारी दुपारपासून हनोक किहिमकर माझ्या अंगणासमोरून चौथ्यांदा गेला, तेव्हा माझं डोकं फिरलं. पांढरेशुभ्र कपडे, डोक्यावर टोपी, आणि चाल अशी की स्वारी लग्नाला निघाली आहे. मी बायकोला म्हटलं, "पर्पेच्युआ, बघ. मला जळवायला फिरतोय."

"तू काही केलं नसशील तर कशाला जळतोस?" ती म्हणाली.

मी केलं होतं, आणि मरोळच्या आमच्या गावठाणात ते तिला एकटीलाच ठाऊक होतं. हनोक सुतार. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, पण आमच्या विहिरीचं पाणी प्यायला म्हणजे घरचाच. जूनमध्ये त्याने गावच्या क्रुसावरचं छप्पर दुरुस्त करायला घेतलं, आणि त्या कामासाठी माझ्याकडे ठेवलेल्या दोन सागाच्या फळ्या नाहीशा झाल्या. माझ्या जिभेला हाड नाही. भर गावात मी त्याला चोर म्हणालो. ऑगस्टमध्ये फळ्या माझ्याच पेंढ्याखाली सापडल्या. तोवर लोकांनी त्याला कामाला बोलावणं सोडलं होतं. मी फळ्या पुन्हा झाकून ठेवल्या.

हनोक कुंपणाशी थांबला. "अर्बन, आमचा दार फाळणीचा सण आहे. दिवेलागणीच्या आत दार बंद होईल. मग उपास, आणि उद्या रात्रीपर्यंत कुणाशी बोलणं नाही. तुला काही बोलायचंय का?"

"मला कसलं बोलायचंय?"

तो टोपी सावरून निघून गेला.

शनिवारी त्याचं दार बंद होतं. मी दिवसभर तिकडेच बघत होतो. रविवारी आमचा आगेरा, म्हणजे नव्या भातावर फादर आशीर्वाद देतात तो सण. आदल्या संध्याकाळीच पर्पेच्युआ लोंब्यांची जुडी बांधत होती.

"हनोकची बायको रिबेका विहिरीवर सांगत होती," ती म्हणाली. "देवाचा अपराध देव या उपासाला माफ करतो. माणसाचा मात्र माणसानेच माफ करायचा. म्हणून त्यांच्यातले जुने गुरू स्वतःच जायचे, ज्याने दुखावलं त्याच्या नजरेसमोर. त्याला माफी मागायला सोपं जावं म्हणून."

मी खाली बघून लोंब्या मोजायला लागलो, पण ती थांबली नाही.

"आपला येशू तरी काय वेगळं सांगतो? दान वेदीपाशी ठेव, आधी रुसलेल्या भावाकडे जा. दर वर्षी ऐकतोस, आणि घरी येऊन मटण खातोस."

रविवारी शेतात सगळं गाव लोंब्या घेऊन उभं होतं. फादर माझ्यापाशी आले तशी मी टोपी काढली.

"थांबा फादर. त्या फळ्या माझ्याच पेंढ्याखाली होत्या. हनोकवर मी खोटा आळ घेतला. आणि दोन महिने गप्प बसलो."

पर्पेच्युआने माझ्या हातातली जुडी घेतली. "जा आता," ती म्हणाली.

हनोकचं दार उघडं होतं. उपासानंतरचा दिवस त्यांचा भेटीगाठींचा असतो. तो ओट्यावर बसला होता.

"हनोक, मी तुला चोर म्हणालो. आत्ता सगळ्या गावाला खरं सांगून आलोय. मला माफ कर."

"ते शुक्रवारीच केलं. पहिल्या फेरीच्या आधी."

"मग चार-चारदा का आलास?"

"माफी तुझी होती रे. मी घरात ठेवून काय करू?"

पन्नाशी उलटलेला मी त्याच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडलो. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.